पोर्टलवर आधीच केलेली टिक कोणाच्या सोयीची असते?

प्रश्न: खराडीतल्या एका आयटी कंपनीत मी चार वर्षं नोकरी करते. ग्रुप मेडिक्लेमची (कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्याची) एनरोलमेंट विंडो दहा दिवसांसाठी उघडली आहे. माझ्या नावापुढे ३ लाखांचा पर्याय आधीच निवडलेला आहे. टॉप-अप (मूळ रकमेच्या वरचं जादा संरक्षण) आणि आईवडील या दोन्ही ओळींत ‘नको’वर टिक आहे. टीममधले सगळे म्हणतात, “हात लावू नकोस, कंपनीने विचार करूनच ठेवलं असेल.” आई-बाबा साताऱ्याला असतात, बाबांना मधुमेह आहे. कंपनीने निवडून ठेवलेलं हाच सल्ला समजायचा का? आणि एवढी शिकलेली माणसं त्यात काहीच का बदलत नाहीत?

उत्तर: मी कुठे बसून बोलते आहे ते आधी सांगते. पुण्यातल्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसी बांधून देणाऱ्या ब्रोकिंगच्या बाजूला मी बरीच वर्षं आहे. ती टिक जिथे ठरते त्या बैठकीला मी असते. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळच देते: नाही, तो सल्ला नाही. विचार झालेला असतो, पण तो तुमच्या बाबांच्या साखरेचा नसतो.

रिन्यूअलच्या बैठकीत टेबलावर एक एक्सेल शीट असते. एका रकान्यात पॉलिसीच्या अटी, शेजारी ‘एक्स्पायरिंग’, त्याच्या शेजारी ‘प्रपोज्ड’. या तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बहुतेक ओळींत एकच मजकूर असतो: ‘ॲज पर एक्स्पायरिंग’. गेल्या वर्षी होतं तेच. गेल्या वर्षीची शीट उघडली तर तिथेही तेच. ३ लाखांचा आकडा कंपनी लहान असताना, त्या वर्षीच्या बजेटात बसेल तेवढा, कोणीतरी ठरवलेला असतो, आणि तो ठरवणारे एचआर मॅनेजर मधल्या काळात दोन नोकऱ्या बदलून गेलेले असतात. बैठकीचा सगळा वेळ जातो क्लेम रेशोवर (जमलेल्या प्रीमियमपैकी किती क्लेममध्ये गेला त्यावर) आणि विमा कंपनी प्रीमियम किती टक्के वाढवते आहे यावर. अगदी शेवटी, लोक लॅपटॉप मिटायला लागले की पोर्टलवाला विचारतो, “सर, डिफॉल्ट काय ठेवू?” उत्तर ठरलेलं: “ज्यात पगारातून काही कापलं जात नाही ते ठेवा. नाहीतर पगाराच्या दिवशी मेलवर मेल येतात.”

तुमच्या स्क्रीनवरच्या त्या दोन ‘नको’मागे एवढंच आहे. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, आणि पगारातून न विचारता पैसे कापू नयेत हे तत्त्व तर योग्यच आहे. पण तुमच्या टीमला त्या टिकेत जे शहाणपण दिसतंय, ते तिच्यात कधी घातलेलंच नव्हतं.

आता दुसरा प्रश्न. लोक बदलत नाहीत याला आपण पटकन आळस म्हणतो. थोडा असतोच. पण ३०० रुपयांच्या हेडफोनसाठी पन्नास रिव्ह्यू वाचणारी माणसं इथे एक मिनिटही थांबत नाहीत, हे नुसत्या आळसाने समजत नाही. मला तीन गोष्टी दिसतात. एक, पर्यायांची तुलना करणं खरोखर किचकट आहे आणि किचकट गोष्ट उद्यावर जाते. दोन, आधीची टिक ही कोणातरी जाणकाराची शिफारस वाटते, जसं तुमच्या टीमला वाटलं. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात बलवान: बदललं आणि चुकलं तर मी चुकले, ठेवलं आणि चुकलं तर कंपनी चुकली. पुढे पस्तावायची वेळ आलीच तर न बदललेल्या गोष्टीचं खापर आपल्यावर फुटत नाही.

यावर अभ्यास भरपूर झालाय, बहुतेक अमेरिकेतला. १९८८ साली सॅम्युएलसन आणि झेकहाउझर या दोन अर्थतज्ज्ञांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजना तपासल्या. यादीत नव्याने आलेल्या योजना नवे कर्मचारी बऱ्यापैकी घेत होते. त्याच वयाचे जुने कर्मचारी मात्र आपली आधीची योजना सोडत नव्हते. माणसं सारखी, यादी सारखी. फरक इतकाच की एका गटाला कोऱ्या फॉर्मवर निवडायचं होतं आणि दुसऱ्याला काही केलं नाही तरी चालणार होतं.

त्याहून बोलकं उदाहरण गाडीच्या विम्याचं आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही शेजारची राज्यं. दोन्हीकडे दोन पर्याय होते: अपघातानंतर कोर्टात दावा लावायचा पूर्ण हक्क देणारी महाग पॉलिसी आणि मर्यादित हक्काची स्वस्त पॉलिसी. न्यू जर्सीत काही न केल्यास स्वस्त पॉलिसी मिळायची, पेनसिल्व्हेनियात महाग. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पूर्ण हक्काची पॉलिसी न्यू जर्सीत साधारण २० टक्के लोकांकडे होती आणि पेनसिल्व्हेनियात ७५ टक्क्यांकडे. राज्याची सीमा ओलांडली म्हणून माणसाचा धोक्याबद्दलचा स्वभाव एवढा बदलत नाही. फॉर्म बदलला होता.

पैशाचा हिशोब हवा असेल तर अर्थतज्ज्ञ बेंजामिन हँडल यांचा २०१३ चा अभ्यास आहे. एका मोठ्या अमेरिकी कंपनीने एका वर्षी सगळ्यांना नव्याने योजना निवडायला लावली. पुढच्या वर्षांत प्रीमियम बरेच बदलले, तरी काही न करणाऱ्यांना आहे तीच योजना पुढे चालू राहिली. या न हलण्यापायी माणशी वर्षाला सुमारे २००० डॉलरवर पाणी सोडलं जात होतं, असं त्यांनी मांडलं. पण याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळेच हुशारीने निवडायला लागले तर काय होईल, हे त्यांनी गणिताने तपासलं. प्रत्येकाची निवड सुधारते, पण आजारी माणसं एका योजनेत आणि निरोगी दुसऱ्या योजनेत गोळा होतात, किमती त्याप्रमाणे फाकतात, आणि सगळ्यांचा मिळून हिशोब घाट्यात जातो.

हे तुमच्या आईवडिलांच्या ओळीला थेट लागू आहे, म्हणून इथे जरा थांबते.

समजा हजार माणसांची कंपनी आहे आणि आईवडिलांच्या पॉलिसीपुढे ‘नको’वर टिक आहे. ती बदलायला कोण जाईल? ज्याच्या वडिलांची बायपास तोंडावर आली आहे, ज्याच्या आईचं डायलिसिस चालू आहे, तो पहिल्याच दिवशी जाईल. ज्याचे आईवडील रोज सकाळी पर्वती चढून येतात तो विंडो उघडलेली विसरूनही जाईल. समजा जोडप्यामागे २५ हजार प्रीमियम जमला आणि क्लेम गेले ४० हजारांचे. पुढच्या वर्षी विमा कंपनी ४० च्या आसपास मागते. तो आकडा बघून काठावरचे निरोगी बाहेर पडतात. उरलेले आणखी आजारी, म्हणून तिसऱ्या वर्षी ५५. मग विमा कंपनी सांगते की अमुक इतकी नावं आली नाहीत तर आम्ही पॉलिसी देणार नाही. मग २० टक्के को-पे येतो, म्हणजे बिलाचा तेवढा हिस्सा आपण भरायचा. मग एक अट येते: एकदा बाहेर पडलात तर परत घेणार नाही. ही सगळी साखळी त्या एका ‘नको’ने सुरू होते, आणि ज्यांनी कधी पोर्टल उघडलंच नाही त्यांना वाटत राहतं की आपण कोणाचं काही बिघडवलं नाही.

उलट ‘हवं’वर टिक ठेवली तर पर्वती चढणारेही आत राहतात आणि प्रीमियम आटोक्यात राहतो. मग सगळ्या कंपन्यांनी तेच करावं का? एचआरवाले मला हा प्रश्न विचारतात आणि माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. टॉप-अपसारखी लहान रक्कम असेल, आधी दोन मेल गेले असतील, कपातीसाठी कर्मचाऱ्याची लेखी संमती असेल आणि ‘नको’ म्हणायला एक क्लिक पुरत असेल, तर ठेवा ‘हवं’. आईवडिलांच्या प्रीमियमचं तसं नाही. तो वर्षाला पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो. नुकती नोकरी लागलेल्या, हडपसरला चौघांत फ्लॅट घेऊन राहणाऱ्या मुलाच्या पगारातून एवढी रक्कम त्याच्या लक्षात न येता जावी, हे मला पटत नाही. तिथे कुठलीच टिक नको. ‘हवं’ की ‘नको’ हे सांगितल्याशिवाय पुढचं पान उघडू देऊ नका, आणि दोन्ही बटणांखाली महिन्याला किती कापलं जाईल तो आकडा मोठ्या अक्षरात लिहा. यात निरोगी लोक काही प्रमाणात निसटतात, मान्य आहे. त्यासाठी थोडा को-पे घ्यावा लागला तर तो घ्यावा.

(न विचारता विमा गळ्यात मारणं वेगळं. विमानाचं तिकीट काढताना प्रवास विमा गुपचूप बिलात जोडणं हा प्रकार केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत मोडतो. तिथे ग्राहक म्हणून तक्रार करता येते. तुमचं पोर्टल त्या जातीचं नाही, उलट ते जरा जास्तच गप्प आहे.)

आता तुमच्या ओळींकडे एकेक करून येऊ.

३ लाख. हे फ्लोटर आहे का बघा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना मिळून ३ लाख. पुण्यात चांगल्या हॉस्पिटलात एक अँजिओप्लास्टी आणि आयसीयूतले दोन-तीन दिवस यात त्यातला बराचसा भाग संपतो. पण माझी खरी काळजी रकमेहून त्या रकमेला बांधलेल्या खोलीच्या भाड्याची आहे. अनेक ग्रुप पॉलिसींत खोलीच्या भाड्याची मर्यादा दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का असते. ३ लाखांना दिवसाचे ३ हजार. समजा तुम्ही ६ हजारांची खोली घेतली आणि चार दिवसांचं बिल १ लाख ८० हजार आलं: खोलीचे २४ हजार, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून ९० हजार, औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांचे ६६ हजार. लोक धरून चालतात की वरचे १२ हजार आपण भरू, बाकी विमा देईल. तसं होत नाही. खोली दुप्पट भाड्याची म्हणून डॉक्टर आणि थिएटरचे ९० हजारही निम्म्यावर येतात. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही, २०२० पासून नियमच तसा आहे. मग मिळतात १२ अधिक ४५ अधिक ६६, म्हणजे १ लाख २३ हजार. खिशातून ५७ हजार, आणि पॉलिसीत अजून पावणेदोन लाख पडून आहेत! पोर्टलवर ५ लाखांचा पर्याय असेल तर त्याच टक्क्याने खोलीची मर्यादा दिवसाला ५ हजार होते. ३ आणि ५ लाखांची तुलना करताना हे कोणी बघत नाही, कारण हा आकडा निवडीच्या पानावर नसतो, पॉलिसीच्या पीडीएफमध्ये असतो.

टॉप-अप. नाव नीट वाचा. साधा टॉप-अप प्रत्येक क्लेम वेगळा मोजतो. सुपर टॉप-अप वर्षभराच्या क्लेमची बेरीज धरतो. दुसरा मिळत असेल तर तोच घ्या. प्रीमियम कमी असतो, कारण पहिले ३ लाख मूळ पॉलिसी देते. मिळणाऱ्या संरक्षणाच्या मानाने पोर्टलवरची ही सगळ्यात स्वस्त ओळ असते आणि सगळ्यात जास्त लोक हीच सोडून देतात.

आई-बाबा. बाबांना मधुमेह आहे म्हटल्यावर माझं मत स्पष्ट आहे: या विंडोत त्यांना आत घ्या. ग्रुप पॉलिसीत आधीपासूनचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जातात. वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं (२०२४ च्या आधी ही मर्यादा चार वर्षं होती). वर्षाच्या मध्येच आठवण झाली म्हणून सहसा आईवडिलांची नावं घालता येत नाहीत. ती सवलत नवं लग्न आणि नवं बाळ यांनाच असते, तीही बहुतेक ठिकाणी ३० दिवसांच्या आत कळवलं तर. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: को-पे किती, त्यांची विमा रक्कम वेगळी की तुमच्याच ३ लाखांत वाटून, आणि साताऱ्यातली कुठली हॉस्पिटलं टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) यादीत आहेत. तिसरी गोष्ट एचआरला बहुधा माहीत नसते. टीपीएच्या ॲपवर पिनकोड घालून स्वतः बघा.

तुमचं लग्न झालंय की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते मी विचारतही नाही. पण झालं असेल तर पोर्टल आणखी एक निवड पुढे करतं: आईवडील किंवा सासू-सासरे, दोन्ही नाही. पुरुष कर्मचारी ती ओळ न वाचताच पुढे जातात. बायकांना मात्र घरी विचारून सांगते असं म्हणताना मी कितीदा तरी ऐकलंय. एखादी कंपनी दोन्ही जोड्यांना वाव देत असेल तर त्याचं श्रेय तिला द्यायला हवं.

कराचा मुद्दा बरेच जण विसरतात, आणि तिथेही एक डिफॉल्ट बसलेला आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी कररचना ही आपोआप लागू होणारी रचना झाली. जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. आरोग्य विम्याच्या हप्त्याची ८०डी ची वजावट, ज्येष्ठ आईवडिलांसाठी ५० हजारांपर्यंतची, फक्त जुन्या रचनेत मिळते. तुम्ही पेरोलला काहीच कळवलेलं नसेल तर ‘कर वाचेल’ हे गणितात धरू नका. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. ग्रुप पॉलिसीवरचा मात्र आहे. कंपनीच्या पोर्टलवरचा प्रीमियम आणि बाहेरचं कोटेशन शेजारी ठेवताना हा फरक लक्षात असू द्या.

ग्रुप पॉलिसीचा सगळ्यात मोठा डिफॉल्ट तर पोर्टलवर दिसतच नाही: नोकरी गेली की संरक्षण गेलं. राजीनाम्याचा शेवटचा दिवस हाच बहुधा विम्याचाही शेवटचा दिवस. कंपनी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आत काढलेली वर्षं थांबण्याच्या काळातून वजा होतात, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. न केल्यास काहीच होत नाही, हीच अडचण. म्हणून मी सांगते की आईवडिलांची एक लहानशी वैयक्तिक पॉलिसीही आत्ताच सुरू करा. कंपनीची पॉलिसी तीन वर्षं भार उचलेल, तोवर बाहेरच्या पॉलिसीतला मधुमेहाचा थांबण्याचा काळ संपत येईल. अर्जात मधुमेह स्पष्ट लिहा. एजंट म्हणेल “गोळीवर कंट्रोलमध्ये आहे ना, मग कशाला?” तरी लिहा.

त्या वैयक्तिक पॉलिसीला बँकेतून आपोआप हप्ता जाण्याची सोय करा. इथे हीच जडता आपल्या बाजूने कामाला लागते. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचे वर्षाला २० रुपये कोट्यवधी खात्यांतून १ जूनच्या सुमारास असेच जातात. एकदा दिलेली संमती पुरते आणि संरक्षण तुटत नाही. आरोग्य पॉलिसीत तारीख चुकली आणि ३० दिवसांची सवलतही उलटली, तर थांबण्याच्या काळात जमवलेली वर्षं हातची जातात. मात्र रिन्यूअलची नोटीस आली की आकडा बघायचा, कारण हप्ता वाढला तरी कापला जाणारच आहे. विमा कंपनी बदलायची असेल तर दीड-दोन महिने आधी हालचाल करा.

आई-बाबांपैकी कोणी सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता ५ लाखांपर्यंतचं संरक्षण त्यात आहे, आणि खासगी पॉलिसी असली तरी ते मिळतं. हक्क वयाने मिळतो, कार्ड मात्र आधारची पडताळणी करून आपणच काढावं लागतं. मध्यमवर्गीय घरांत ‘सरकारी योजना आपल्यासाठी नसते’ या समजुतीपायी ते राहून जातं.

निवड सबमिट केली की आठवडाभरात ई-कार्ड येईल. त्यावर आई-बाबांची नावं आणि जन्मतारखा आधारवर आहेत तशाच आहेत ना, बघा. दाखल करताना हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर पहिली अडचण तिथेच येते. चूक असेल तर विंडो उघडी असतानाच एचआरला मेल टाका. आणि कार्डाचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवून भागणार नाही. तो साताऱ्याला, त्या दोघांच्या आणि शेजारच्या एखाद्या विश्वासू माणसाच्या फोनमध्येही असू द्या.